गावशिवारातली वनस्पतिविविधता कशी मोजायची: आधी पातळी, मग चौकट, मग यादी

समजा, एका गावाने लोक जैवविविधता नोंदवहीत १४० वनस्पती लिहिल्या आणि शेजारच्या गावाने ९०. लगेच बोललं जातं की पहिलं गाव श्रीमंत, दुसरं गरीब. पण पहिल्या गावातली पोरं चार दिवस नाला, टेकडी, बोडी (लहान तलाव) सगळं फिरली होती आणि दुसऱ्या गावाची यादी शाळेमागच्या ई-क्लास (सरकारी गायरानाच्या) जमिनीवर एका दुपारी झाली होती. हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडण्यात काहीच अर्थ नाही. तरी दरवर्षी ते मांडले जातात. कॉलेजच्या प्रकल्पांत मांडले जातात आणि सामूहिक वनहक्काच्या आराखड्यांतही.

दुसरी चूक आणखी खोलवर आहे. वनस्पती मोजल्या जातात दहा मीटरच्या चौकटीत, म्हणजे जमिनीवर दोराने आखलेल्या चौकोनात, आणि कारण दिलं जातं तालुक्याच्या पावसाचं. एकाच शिवारातल्या बरडावर (उथळ, मुरमाड माती) आणि कन्हारात (खोल, काळी माती) पाऊस सारखाच पडतो. फरक मातीच्या खोलीत असतो, आणि ती कुणी मोजलेलीच नसते. झाडोऱ्यातला फरक ज्या अंतरावर दिसतो, त्याच अंतरावर माती, पाणी आणि सावली मोजायची. पुढच्या सगळ्या पायऱ्या एवढ्यासाठीच आहेत.

१. आधी पातळी ठरवा

पातळी म्हणजे किती अंतरावरचा फरक पाहायचा ते. दोर-खुंट्या घेऊन निघण्याआधी एक प्रश्न कागदावर लिहा. ‘गावात किती वनस्पती आहेत?’ हा प्रश्न चालणार नाही. ‘बरडावरच्या आणि काळ्या मातीवरच्या गायरानात, १०० चौरस मीटरमागे, किती फरक आहे?’ हा चालेल.

विदर्भात कुठल्या अंतरावर काय बदलतं, ते डोक्यात स्पष्ट हवं.

जिल्ह्याच्या पातळीवर पाऊस आणि खडक बदलतो. बुलढाणा-अकोल्याकडे वर्षाला साधारण ७०० ते ८०० मिलिमीटर पाऊस, गडचिरोलीकडे त्याच्या जवळजवळ दुप्पट. पश्चिमेला बेसाल्ट आणि त्याची काळी माती, पूर्वेला ग्रॅनाइट-नीससारखे जुने खडक आणि त्यांची हलकी, रेताड, लालसर माती. मेळघाटात यात उंचीची भर पडते. चिखलदऱ्याचं पठार हजार मीटरच्या वर आहे आणि खालचं अचलपूरचं मैदान त्याच्या निम्म्याहूनही खाली.

गावाच्या पातळीवर पाऊस जवळपास एकच. बदलतं ते उतार, मातीची खोली आणि पाणी किती दिवस साचतं ते. टेकडीवर सालई-मोई, तिच्या पायथ्याशी साग-धावडा, नाल्याच्या काठी अर्जुन-करंज-जांभूळ, सखल, पाणी धरणाऱ्या चिबडीत पळस. हा सगळा फरक अर्ध्या कोसात दिसतो.

चौकटीच्या पातळीवर, म्हणजे पावलापावलावर, आणखी वेगळ्या गोष्टी लागतात: बाभळीची सावली, वारूळ, वर आलेला दगड, गुरांच्या खुरांनी झालेले खड्डे, काळ्या मातीच्या भेगा.

सावध: ‘जागा जितकी विविध, तितक्या वनस्पती जास्त’ हे गावाच्या आणि जिल्ह्याच्या पातळीवर बहुतेक वेळा खरं ठरतं. एक चौरस मीटरमध्ये ते खरं ठरेलच असं नाही. तिथे जागेचे तुकडे इतके बारीक होतात की एकेका तुकड्यात एखाद्या जातीची दोनचारच रोपं मावतात, आणि एक कोरडा पावसाळा त्यांना पुसून टाकतो. त्यामुळे लहान चौकटीत विविध जागा असून आकडा कमी आला, तर मोजणी चुकली असं समजून यादी ‘सुधारू’ नका.

२. तयारी: परवानगी, हंगाम, सामान

जमीन कुणाची ते तलाठ्याकडच्या नकाशावर गटक्रमांकासह पाहून घ्या. झुडपी जंगल, ई-क्लास, वनविभागाची जमीन आणि खासगी पडीक या जमिनी डोळ्यांना सारख्याच दिसतात, कागदावर नसतात. राखीव वनात वनविभागाची परवानगी लागते. वनहक्क मिळालेल्या जंगलात ग्रामसभेला आधी सांगा. अभयारण्यात किंवा व्याघ्रप्रकल्पात परवानगीशिवाय पान तोडणंही गुन्हा ठरू शकतो.

हंगामाबाबत फार गोंधळ होतो. शाळा-कॉलेजांना सोयीची म्हणून मोजणी डिसेंबर-जानेवारीत ठेवली जाते. तोवर पावसाळी रोपं-गवतं वाळलेली, चरलेली किंवा जळालेली असतात. पोळा ते दसरा हा मुख्य काळ. गवतं फुलोऱ्यावर आल्यामुळे ओळखता येतात, तरोटा-कुर्डू-केना उभे असतात आणि कंदवर्गीय रोपांची पानं अजून जमिनीवर असतात. दुसरी फेरी होळीच्या सुमाराला, फक्त झाडांसाठी. तेव्हा पळस, मोई, सालई फुलांवरून आणि सालीवरून पक्के ओळखता येतात. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला आणि तेंदूला चांगली पालवी यावी म्हणून पालापाचोळा जाळला जातो, तेव्हा ती फेरी आग लागायच्या आत उरका.

सामान फारसं लागत नाही. न ताणणारा दोर (सुतळी ओली झाली की लांबी बदलते, ती नको), बारा खुंट्या, ५० मीटरचा टेप, एक मीटर लांबीची लोखंडी सळई, जुनी वर्तमानपत्रं आणि दाबायला दोन फळ्या, चिकटपट्टी, पेन्सिल. पेनची शाई पावसात पसरते.

सावध: ब्रह्मपुरी, चंद्रपूर, गडचिरोलीच्या पट्ट्यात आणि कुठल्याही वाघाच्या भागात चौकटीत वाकून बसलेला माणूस सर्वांत जास्त धोक्यात असतो. तेंदू-मोह वेचणाऱ्यांवरचे कितीतरी हल्ले असेच झालेले आहेत. चौघांपेक्षा कमी माणसं नेऊ नका. एक जण कायम उभा, फक्त लक्ष ठेवायला, त्याच्या हातात वही द्यायची नाही. सकाळी नऊच्या आधी आणि चारनंतर मोजणी नको.

३. शिवाराचे तुकडे पाडा

गावातला एखादा जुना गुराखी सोबत घ्या आणि शिवार एकदा पायाखालून घाला. कुठे पाणी तुंबतं, कुठे मुरूम हातभरावर लागतो, कुठला उतार आधी वाळतो, हे त्याला नकाशापेक्षा जास्त माहीत असतं. तुकडे पाडताना गावात रूढ असलेली मातीची नावंच वापरा. कन्हार, मोरांड (मध्यम), खरडी (हलकी, उथळ), बरड या नावांत खोली आणि पोत दोन्ही येतात. पूर्वेकडे सिहारही (रेताड माती) येईल.

इथे जवळजवळ सगळे एक चूक करतात. तुकडे झाडांवरून पाडतात: ‘सागाचं जंगल’, ‘पळसाचा पट्टा’, ‘गवताळ भाग’. मग मोजणी करून निष्कर्ष काढतात की सागाच्या जंगलात साग जास्त आहे. तुकडे मातीवर, उतारावर आणि पाण्यावर पाडा. झाडोरा त्यांच्याशी जुळतो की नाही, हेच तर तुम्हाला शोधायचं आहे.

साध्या गावाला चार-पाच प्रकार पुरेत. उदाहरणार्थ बरड टेकडी, मोरांडाचा मधला उतार, काळ्या मातीचं गायरान, नाल्याचा काठ, बोडीचा काठ. धुरे (शेतांचे बांध) आणि पांदण वेगळे धरा. शेतीच्या गावात मूळच्या बऱ्याच जाती तिथेच तग धरून असतात आणि नेमकी तीच जागा यादीतून सुटते.

तपासा: प्रत्येक प्रकारात किमान सहा चौकटी बसतील का? बसत नसतील तर प्रकार कमी करा, चौकटी नाही.

४. चौकटीची जागा चिठ्ठीने काढा

नकाशावर प्रत्येक तुकड्यावर चौकोनी जाळी आखा, घरांना क्रमांक द्या, चिठ्ठ्या टाका, सहा उचला. पाठ फिरवून दगड फेकण्याची पद्धत अजून शिकवली जाते, तिचा उपयोग नाही. दगड मोकळ्या जागेतच फेकला जातो, रायमुनियाच्या जाळीत कुणी फेकत नाही.

चिठ्ठीतली जागा काट्याकुट्यांची निघाली तरी तीच घ्यायची. विहीर, रस्ता, घर निघालं तरच पुढची चिठ्ठी.

५. चौकट आखा: लहान आत, मोठी बाहेर

एकाच कोपऱ्यातून तीन चौकटी निघतात: १ × १ मीटर, ५ × ५ मीटर आणि १० × १० मीटर. म्हणजे १, २५ आणि १०० चौरस मीटर. लहान चौकट मोठीच्या पोटात असल्यामुळे तिन्ही पातळ्यांवरचे आकडे एकाच जागेचे मिळतात.

काटकोनासाठी एका बाजूला ३ मीटर, दुसरीला ४ मीटर मोजा, त्या दोन टोकांमधलं अंतर ५ मीटर भरलं पाहिजे. गवंडी पाया आखताना करतो तेच.

तपासा: १० × १० चे दोन्ही कर्ण १४.१४ मीटर, ५ × ५ चे ७.०७ मीटर. तळहाताएवढा फरक चालेल, हातभर नाही. उतारावर टेप जमिनीला टेकवू नका, आडवा धरून मोजा, नाहीतर चौकट लहान होते.

धुऱ्यावर आणि नाल्याच्या काठावर दहा मीटर रुंदी मिळत नाही. तिथे २ × ५० मीटरची पट्टी घ्या, क्षेत्र तेवढंच. पण लांब पट्टी जास्त प्रकारच्या जागांतून जाते आणि त्यामुळे चौकोनापेक्षा बहुधा जास्त जाती पकडते. पट्टीची तुलना पट्टीशीच करा. धुरा विरुद्ध गायरान अशी तुलना हवीच असेल तर गायरानातही पट्ट्याच टाका.

बोडीचं गणित वेगळं आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांचं आणि बोड्यांचं पाणी दिवाळीनंतर उतरत जातं आणि काठावर अरुंद पट्टे तयार होतात. आत कमळ-शिंगाडा, मग देवधान आणि लव्हाळ्याचा भाग, मग ओल्या चिखलातली बारीक रोपं, वर बेशरमाची रांग, त्यापुढे पाळ, म्हणजे तलावाचा बांध. एकेक पट्टा कधी दोन मीटरचाही नसतो. तिथे १० × १० चौकट टाकली की सगळे पट्टे एकत्र कोंबले जातात, आकडा मोठा येतो आणि ‘बोडीचा काठ अत्यंत समृद्ध’ असं लिहून आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात एकेक पट्टा गरीब असू शकतो, समृद्धी पट्ट्यांच्या फरकात असते. म्हणून पाण्याच्या कडेपासून पाळीपर्यंत, कडेला काटकोनात, टेप ताणा आणि टेपच्या एकाच बाजूला १ × १ च्या चौकटी लागोपाठ टाकत चला. प्रत्येकीची उंची पाण्याच्या पातळीपासून किती, ते लिहा. पंधरा दिवसांनी पाणी उतरलं की कडही सरकते, तेव्हा मोजमापाचं मूळ पाण्याच्या कडेला नाही, पाळीवरच्या पक्क्या दगडाला धरा.

६. मातीपाण्याच्या नोंदी, झाडं मोजण्याआधी

आधी झाडं मोजली की थकवा येतो आणि मातीच्या रकान्यात ‘काळी’ एवढंच लिहिलं जातं. फक्त १ × १ च्या आत पाय पडू देऊ नका, तिच्या नोंदी मोजणीनंतर घ्यायच्या.

मोठ्या चौकटीत पाच ठिकाणी, चार कोपरे आणि मध्य (लहान चौकट असलेल्या कोपऱ्यात तिच्या बाहेर), सळई ठोका आणि खाली दगड-मुरूम किती सेंटिमीटरवर लागला ते लिहा. पाचही आकडे लिहा, सरासरी काढून सोडू नका. ४०, ४२, ३८, ४१, ३९ आणि ५, ९०, १०, ८५, १० या दोन्हींची सरासरी ४० आहे. पहिली जागा एकसारखी, दुसरी खडकाच्या फटींत माती भरलेली. दोघींवरचा झाडोरा सारखा नसणार, आणि सरासरी ते लपवते.

पोतासाठी ओली माती अंगठा-तर्जनीत दाबून फीत काढा, तिची लांबी लिहा. सावलीसाठी त्याच पाच ठिकाणी उभं राहून वर पाहा, किती भाग झाकला आहे ते चार हिश्श्यांत मांडा. उताराची दिशा, दगडांचं आच्छादन, शेण, तोडलेले खुंट, जळाल्याच्या खुणा नोंदवा. चराई आणि आग सोडून दिली तर पुढे सगळं श्रेय मातीला जाईल, आणि ते चुकीचं असेल.

७. मोजणी: आतून बाहेर

आधी १ × १, मग २५, मग १००. उलट केलं की लहान चौकट तुडवली जाते आणि केन्याची, लव्हाळ्याची रोपं मातीत जातात. मोठ्या चौकटीत फक्त नव्याने दिसलेल्या जाती लिहा, आधीच्या आपोआप धरल्या जातात.

नियम आधी ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मूळ चौकटीत असेल ती वनस्पती आत, फांदी आत आलेली बाहेर. सागाचं बोटभर रोप सागच. पेरलेलं पीक मोजायचं नाही, त्यातलं तण मोजायचं.

नावांनी मोजणी बिघडते. तेंदू आणि टेंभुर्णी, तरोटा आणि टाकळा, घाणेरी आणि रायमुनिया, येन आणि ऐन: दोघांनी दोन नावं सांगितली की एकाच वनस्पतीच्या दोन ओळी होतात. उलटही होतं. सगळ्या बारीक गवतांना ‘चारा’ म्हटलं की कुसळी, पवन्या, मारवेल एका ओळीत जातात आणि बरड व कन्हार यांच्यातला खरा फरक तिथेच बुडतो. नाव माहीत नसेल तर क्रमांक द्या (‘अ-१७’), पानाची दोन्ही बाजू, देठाचा सांधा, फूल किंवा फळ यांचे फोटो घ्या, आणि चौकटीच्या बाहेरून एक फांदी कागदात दाबा. पुढच्या चौकटीत तीच दिसली तर तोच क्रमांक. दुर्मीळ वाटली तर फोटोवर थांबा, उपटू नका.

तपासा: जागा सोडण्याआधी दुसऱ्या माणसाने १ × १ पुन्हा मोजावी. दोघांच्या यादीत दोनपेक्षा जास्त जातींचा फरक असेल तर पूर्ण चौकट पुन्हा.

८. आकडेमोड

तीनच आकडे काढायचे. एका चौकटीतल्या जातींची सरासरी, एका प्रकारातल्या सगळ्या चौकटींतल्या मिळून जाती, आणि सगळ्या प्रकारांतल्या मिळून जाती. स्थानिक, बदलती (एका जागेहून दुसऱ्या जागेत बदलणारी) आणि एकूण विविधता असे तीन भाग अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६० मध्ये मांडले, त्यांनाच अल्फा, बीटा, गॅमा म्हणतात.

उदाहरण कल्पित आहे. बरडावर सहा चौकटींची सरासरी २४ जाती, सहा मिळून ४२. काळ्या गायरानात सरासरी १६, सहा मिळून २४. दोन्हींत समान जाती ८, म्हणजे एकूण ४२ + २४ − ८ = ५८.

आता भागाकार. चौकटींची एकंदर सरासरी २०. प्रकारांची सरासरी (४२ + २४) ÷ २ = ३३. प्रकाराच्या आतला बदल ३३ ÷ २० = १.६५, दोन प्रकारांमधला बदल ५८ ÷ ३३ = १.७६. दोन्हींचा गुणाकार २.९, आणि ५८ ÷ २० सुद्धा २.९. हिशेब जुळला. वाचायचं असं: या गावात जाती वाढण्यात माती बदलण्याचा वाटा आहेच, पण बरडाच्या किंवा गायरानाच्या आतला पावलापावलाचा फरकही जवळपास तितकाच मोठा आहे. फक्त ‘५८ जाती’ लिहिलं असतं तर यातलं काही दिसलं नसतं.

सावध: हा हिशेब दोन्हीकडे चौकटींची संख्या आणि आकार सारखा असेल तरच. एकीकडे सहा आणि दुसरीकडे दहा असतील तर दहातल्या सहा चिठ्ठीने उचला, असं बऱ्याचदा करा आणि सरासरी घ्या.

मोजणी पुरेशी झाली का हे पाहायला, एकेक चौकट वाढवत नव्या जाती किती येतात ते मांडा. सहाव्या चौकटीतही पाच-सहा नव्या येत असतील तर यादी अपुरी आहे. क्षेत्र वाढलं की जाती वाढतातच, आधी भराभर, मग हळूहळू. म्हणून आकड्यासोबत क्षेत्र न लिहिणं म्हणजे भाव सांगून वजन न सांगणं.

९. कारण लावताना

दोन जोड्या शोधा: जवळ असूनही माती वेगळी असलेल्या चौकटी, आणि लांब असूनही माती सारखी असलेल्या. प्रत्येक जोडीत समान जाती भागिले दोघींतल्या मिळून जाती एवढं काढा. पहिल्या जोडीत हा आकडा कमी आणि दुसरीत जास्त आला तर मातीचं पारडं जड. उलट आलं तर बी कुठवर पोचतं, म्हणजे अंतर, हे मोठं कारण. ही तपासणी फार कमी अहवालांत असते, आणि तिच्याशिवाय ‘मातीमुळे’ हा शब्द लिहू नये.

मोठा आकडा म्हणजे चांगली जागा, असंही नाही. रस्त्याकडेच्या चौकटीत गाजरगवत, रानतुळस, तरोटा धरून तीस जाती भरतील. पवन्या-कुसळीच्या जुन्या गायरानात बावीस भरतील आणि तरी जपायची ती दुसरी जागा. बाहेरून आलेल्या जातींचा आकडा वेगळ्या रकान्यात द्या.

सहा चौकटींवरून जिल्ह्याबद्दल बोलू नका, आणि जिल्ह्याच्या पावसावरून या सहा चौकटींबद्दलही नाही.

१०. चौकट कायम करा

चारही कोपऱ्यांत दगड गाडा, गटक्रमांक, अक्षांश-रेखांश आणि कुठल्या कोपऱ्यातून १ × १ निघते ते लिहा. खुंट्या ठेवू नका, त्या चुलीत जातात. नोंदी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या, २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नोंदवही तिचीच आहे. औषधी कंद किंवा विकाऊ मुळ्या जिथे सापडल्या त्या चौकटीचे अक्षांश-रेखांश सार्वजनिक प्रतीतून काढून टाका, मूळ प्रत समितीपाशीच राहू द्या. होळीच्या फेरीची यादी त्याच चौकटीच्या नावाने पण वेगळ्या पानावर लिहा. पोळ्याच्या फेरीचा आकडा पुढच्या वर्षी पोळ्याच्याच आकड्याशी ताडायचा.